ब्लँकिटांवरची खूण

ता. ९ डिसें. १९३४, नाशिक
पंचवटीतल्या मुलींच्या आश्रमाची पाहणी करून अहवाल द्यायला देणगीदार मंडळाने मलाच नेमलं. चिटणीस अजून अण्णासाहेबच. माझं लग्नानंतरचं नाव, त्यांनी ओळखलं नाही. गोदी आणि मी, दोघी बहिणी तिथेच वाढलो. म्हणजे मी वाढले. ती थंडीत न्यूमोनियाने गेली, शेवटपर्यंत अंगावर गोणपाटच. देवा, हा माणूस एकदा माझ्या तावडीत सापडू दे.

ता. ११
पाहणी. आधी शिरा, मग हार, मग खाटाखाटांवर नवी पांढरी ब्लँकिटं. आमच्या वेळीही पाहणीपुरती यायची, दुसऱ्या दिवशी दुकानात परत. पेठ तालुक्यातल्या एका मुलीला विचारलं, थंडी वाजते का? "आम्हांला काही कमी नाही, बाई." वाक्यसुद्धा तेच ठेवलंय मेल्यांनी. जास्त खोदलं नाही, मागाहून तिलाच भोगावं लागलं असतं.
शाल मुद्दाम विसरून आले.

ता. १२
शाल आणायला सकाळीच गेले, न कळवता. फाटकात हातगाडी, तिच्यावर ब्लँकिटं. अ.सा. गडबडले. म्हणे, "परटाकडे चाललीत."
"मग खुणेशिवाय कशी धाडता? हरवतील."
परटाला तिथेच बोलावलं. बिब्ब्याने एकेका कोपऱ्यावर आश्रमाची खूण घालून घेतली. तो डाग जन्मात जात नाही. आता कुठला दुकानदार परत घेतो बघू. अ.सा. एरंडेल प्यायल्यासारखे उभे. थाप त्यांचीच, त्यांच्याच अंगाशी आली. फार बरं वाटलं. गोदे, बघितलंस ना?
पेठची मुलगी हळूच, "बाई, आता ही आमचीच ना? नेनार नाय?"
म्हटलं, नाही नेणार.

ता. १५
अहवाल दिला. कळवून गेले तेव्हा काय दिसलं, न कळवता काय दिसलं. चिटणीस बदला, यापुढे न कळवता पाहणी करा. घरी हे म्हणाले, "सूड आहे हा." आहेच. पण त्यात खोटं अक्षर नाही.

ता. १९
अ.सा.नी शोधून काढलंच, मी तिथली. मंडळाकडे तक्रार: बाईंचं जुनं वैर, अहवाल रद्द करा. अध्यक्ष म्हणाले, आधी का सांगितलं नाहीत? म्हटलं, सांगितलं असतं तर नेमलं असतंत? निर्णय पुढच्या बैठकीत. तोवर चिटणीस तेच.
तशीच आश्रमात गेले. फाटक उघडेनात. पेठची मुलगी गजांपाशी आली. "बाई, कपाटात घातलीत. कुलूप हाय."
अंगावरची शाल काढून गजांतून आत दिली. ही परत आणायची नाही. पण उद्या जाणार, परवाही. किल्ल्या त्या माणसाच्या कमरेला आहेत तोवर जाणार.