नागव्वाच्या छपरावरचा ठिपका

सोलापूर
शुक्रवार, २ मे २०२५

प्रिय आरोही,

जय भीम. तू बरी असशील, वेळेवर जेवत असशील आणि आरोग्य उपकेंद्रातला पंखा अजून बंदच असेल, असं धरून चालते. आम्ही सगळे ठीक. आईची मान उन्हाळ्यात जरा कमी दुखते. बाबांच्या कारखान्यात टॉवेलचं काम सध्या एकाच पाळीत चालतं, म्हणून ते दुपारी घरी असतात आणि मी कॉम्प्युटरवर काय करते ते मागे उभे राहून बघतात. परवा शेजाऱ्यांना सांगत होते, "दिसभर रंगच बदलती की ही." एका दुकानाच्या वेबसाइटवरचं बटण निळं ठेवायचं की हिरवं, यात माझा सबंध दिवस गेला होता, तेव्हा त्यांचं अगदीच चुकलं नव्हतं.

हाताने पत्र कशाला, असं तुला वाटेल. मंद्रूपच्या गाडीवरचे कंडक्टर नवनाथमामा आमच्याच गल्लीतले. उद्या सकाळी ते तुझ्याच हातात देतील, तसं मी दोनदा बजावलंय. तुझा फोन उपकेंद्रात टेबलावर पडलेला असतो, कुणीही उचलतं. आणि फोनवरचं पुसलं तरी कुठे कुठे राहतं, हे मला कामामुळे माहीत आहे.

देणग्या गोळा करून पाणी पोचवणाऱ्या आमच्या ग्रुपचे टँकर आता अकरा गावांना जातात. देणगीदार वाढले, ते मी केलेल्या नकाशामुळे. टँकर आला का, कुणाला पाणी मिळालं, हे लोकांनी वेबसाइटवर लिहायचं. नाव नाही, नंबर नाही. प्रत्येक नोंदीचा नकाशावर एक निळा ठिपका. गेल्या बैठकीत सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. मी मान खाली घालून ऐकत होते, पण मला आवडत होतं.

मंगळवारी तुझा फोन आला तेव्हा मी मध्येच म्हटलं, आई हाक मारतेय. आईने हाक मारली नव्हती.

तू सांगत होतीस, "अगं, सगळं त्या समोरच्या नागव्वावर गेलं बघ. टँकरचं तिच्या सुनेनं लिहिलं म्हणतात. दोन दिवस मला जेवण गेलं नव्हतं, आता जेवले." मग तूच म्हणालीस, "पण तिचं पाणी बंद केलंय. सून आठव्या महिन्यात आहे. मळ्यातल्या विहिरीवरून आणतात दोघी." आणि मग, "त्यांना तिचंच घर कुठून सुचलं काय माहीत."

त्यांना ते मी सुचवलं, आरोही. हेच लिहायला बसले होते. चार दिवस झाले.

तू एक एप्रिलला वेबसाइटवर लिहिलंस की टँकर आधी दिग्विजयच्या शेततळ्यात रिकामा होतो आणि उरलेलं वस्तीला मिळतं. गावात टँकर कुठे थांबायचा हे आम्हीच त्या दिग्विजयवर सोपवलं होतं, सरपंचांचा पुतण्या म्हणून; आमच्या ओळखीचं दुसरं कुणी नव्हतं. आणि तू कचरत होतीस तेव्हा "लिही, नाव कुणाला कळत नाही" असं तुला मीच म्हणाले होते. ते मी खोटं बोलले नव्हते. नाव कुणाला कळलं नाही. पण नोंद करताना फोन कुठे आहे ते वेबसाइट टिपून घेत होती. ठिपका गावावर पडावा एवढंच मला हवं होतं. नकाशा मोठा करत गेलं की तो गावावरून गल्लीवर आणि गल्लीवरून एका घराच्या छपरावर जातो, हे मी तपासलंच नाही. मी, जी घराचं कुलूप तीनदा ओढून बघते.

त्यांनी मोठा करून बघितलं. दिग्विजयच्या युवा मंचाच्या पानावर त्या छपराचा फोटो आहे, भोवती लाल गोल काढलेला. वर लिहिलंय, "घर सापडलं." खाली दीडशेच्या वर कॉमेंट. "पाणी पायजे का नकाशा पायजे?" "आता नेटवरनंच घागर भरा म्हणावं." एकाने लिहिलंय, "सून लईच शिकलेली दिसती." मी सगळ्या वाचल्या. काही लिहिणारे पुण्यात राहतात, त्या गावाला कधी गेलेलेही नसतील. निवडणुकीच्या दिवसांत मीही अशा ठिकाणी तासन्तास वाद घालत बसायची, तुला आठवत असेल. तेव्हा समोर कुणाचं तरी घर असतं हे डोक्यात आलं नव्हतं.

आता राहिलेलं सांगते. तो ठिपका चुकीचा आहे. पत्र्याखाली फोनला आपली जागा नीट कळत नाही, वीस-पंचवीस पावलं इकडेतिकडे होतात. तू तुझ्या खोलीत बसून लिहिलंस आणि ठिपका पडला समोरच्या नागव्वाच्या छपरावर. फोटो बघताक्षणी मला कळलं. मी सगळे ठिपके काढून टाकले, नोंदी कुठून आल्या ती माहितीही पुसली, आणि कुणाला काही बोलले नाही. मला वाटलं, चूक झाली खरी, पण त्या चुकीमुळेच आरोही वाचली. मंगळवारपर्यंत मी हे स्वतःला रोज सांगत होते. तेव्हा पाणी तोडल्याचं मला माहीत नव्हतं, पण लाल गोल मी पाहिला होता. काही चांगलं त्यातून निघणार नव्हतं, हे कळायला फार हुशारी लागत नाही.

ज्या घरात कुणी धड शाळेत गेलं नाही, तिथे लिहिल्याचा आळ. सून चौथीपर्यंत शिकलीय आणि घरात बटणांचा एक साधा फोन आहे, हे तूच मला सांगितलंस. आमच्या आईचं नाव असं कुणी घेतलं असतं तर ती काय म्हणाली असती? "मला सही येत न्हाय," म्हणाली असती, आणि लोक हसले असते.

काल बाबांना विचारलं. सगळं नाही, इतकंच, की माझ्या कामातल्या चुकीमुळे एका बाईचं नुकसान होतंय. ते चहा पीत होते. म्हणाले, "मग जाऊन सांग की." मी म्हटलं, फोन करते. "फोनवर नको. समोर जा." मी म्हटलं, बाबा, भीती वाटते. ते म्हणाले, "ती आसनारच." आणि कपबशी विसळायला गेले.

तेव्हा रविवारी दुपारी मी तुमच्या गावात येते. ग्रुपला आज संध्याकाळी सांगणार आहे. ते मला काढतील, असं वाटतं. नागव्वाच्या दारात उभं राहून, चार माणसांसमोर सांगायचं, की ठिपका चुकीच्या घरावर पडला आणि ती चूक माझी. दिग्विजय असेल तर त्याच्यासमोर. वेबसाइटवरही हेच घालते आहे, माझ्या पूर्ण नावाने.

ते विचारतील, मग कुणाचं घर? मी म्हणेन, माहिती पुसली, सांगता येणार नाही. पण तुला आठवतं ना, होस्टेलवर तू चोरून शेगडी आणली होतीस. रेक्टरबाईंनी फक्त आवाज चढवला, आणि मी तुझं नाव सांगून मोकळी झाले. तू नंतर हसलीस, "धम्मे, तू चोर पकडायच्या कामाची आहेस," म्हणालीस. मला अजून हसू येत नाही. तिथे तर दहा-वीस माणसं असतील. मी आरशासमोर उत्तर म्हणून बघते, आणि मध्येच आवाज जातो. तुझी नोकरी कंत्राटी आहे. एका फोनवर संपेल. खोलीही त्यांच्याच भावकीतल्या माणसाची.

म्हणून हे आधी लिहिते आहे. शक्य असेल तर उद्याच रजा टाकून आईकडे वेळापूरला जा. माझ्या तोंडून नाव निसटलं तर निदान तू तिथे नसशील. पण नागव्वाची सून आठव्या महिन्यात आहे आणि गावात नर्स तूच, म्हणून तू जाणार नाहीस असंही वाटतं. तू नको म्हणशील म्हणून मी थांबणार नाही. तुला पुढे ये असंही मी सांगणार नाही. तो अधिकार मी त्या नकाशाबरोबर घालवला.

थांबलीस, तर एवढंच कर. मला तिथे बघून बाहेर येऊ नकोस. पाणी विचारू नकोस. कुणी माझ्यावर ओरडलं तरी दार उघडू नकोस. मी तुझ्या खोलीकडे एकदाही बघणार नाही. हे मात्र मला जमेल, तेवढं मी मनाशी पक्कं केलंय.

रविवारी तुला न ओळखणारी,
धम्मप्रिया