कळल्याची वेळ

१३ ऑगस्ट, बुधवार

—आणि काल सकाळीही नेहमीसारखंच. पाणीघराचं कुलूप काढलं, फाटकाशी भूमिदेवाला उदबत्ती लावली, केटली भरली, साहेबांचं टेबल पुसलं. मग टाक्यांचे आकडे वहीत उतरवायला पडद्यापाशी गेले. जो पहिला येईल त्याने आकडे हाताने लिहायचे, ही पद्धत ह्यांनीच घातलेली. सत्तावीस वर्षं इथले पंप चालवले ह्यांनी. हे गेले, मला इथे साफसफाईचं काम मिळालं आणि झाडू, वही दोन्ही माझ्याकडे आली.

पडद्यावर आकडे नव्हते. लाल पट्टा आणि परकी अक्षरं. वहीत लिहिलं — "७.२०. आकडे नाहीत. साहेबांना फोन."

साहेब म्हणजे ल्यू साहेब, पाणीघराचे प्रमुख. म्हणाले, "वहिनी, आधी यंत्रावरचं पाकीट बघा!"

बघितलं. इथे सगळेच मानतात, यंत्रावर ठेवलेल्या हिरव्या पाकिटातला खाऊ ताजा असेल तोवर यंत्र शहाण्यासारखं वागतं, शिळा झाला की रुसतं. मुदत सोमवारीच संपलेली!

"तरीच!" साहेब म्हणाले. "नवं ठेवा. मी येतोच."

कोपऱ्यावरच्या दुकानात सगळी पिवळी पाकिटं. पिवळा म्हणजे यंत्राचा धोक्याचा दिवा, ते ठेवून कसं चालेल? पुलापलीकडे गेले, हिरवं आणलं, ठेवलं, हात जोडले. पंपवाली यू-फेन दारात उभी राहून हसत होती. "माझीपण मुदत संपलीय काकू, मला कोण बदलतंय!"

साहेब साडेनऊला आले. पडदा वाचला. कोणीतरी बाहेरून शिरून सगळं कुलूपबंद केलं होतं, वर खंडणी मागत होतं. ताइपेच्या मुख्य कार्यालयाला कळवलं तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

१४ ऑगस्ट

पंप हाताने चालू आहेत. नळाला पाणी आहे. यू-फेन घरी गेलेली नाही. तिला भात आणि वाळवलेल्या मुळ्याचं ऑम्लेट नेऊन दिलं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

शेजारच्या लोंगवेई गावचं पाणीघरही तसंच बंद पडलं. त्याच दिवशी, नऊ वाजता. त्यांच्याकडे हाताने पंप चालवणारं कोणी उरलं नाही. दीड दिवस पाणी नव्हतं. एक आजी बादली घेऊन जिन्यात पडली, खुबा मोडला.

आम्ही वेळेत कळवलं असतं तर ताइपेहून सगळ्यांना इशारा गेला असता. त्यांनी नुसती इंटरनेटची तार उपटली असती तरी वाचले असते.

नियम भिंतीवर लावलेला आहे. हल्ला झाल्याचं कळल्यापासून एका तासाच्या आत वर कळवायचं. खाली फोन नंबर. मी चाळिशीनंतर दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं शिकले. दिसेल ते वाचते. हेही वाचलेलं होतं. परकी अक्षरं, अडकलेला पडदा — लक्षणंसुद्धा तिथे लिहिली आहेत. वाचलेलं असूनही मी पाकीट आणायला गेले.

१७ ऑगस्ट, रविवार

ल्यू साहेब घरी आले. पपनस आणलं होतं. ह्यांच्या फोटोला नमस्कार केला, मग बराच वेळ पपनस सोलत बसले.

"वहिनी, मंगळवारी चौकशीच्या बाई येणार. नियमात 'हल्ला झाल्यापासून' नाही, 'कळल्यापासून' आहे. कळलं कधी? साडेनऊला. मला."

"वहीत सात वीस आहे, भावोजी."

"ते पान नव्याने लिहू. तुम्ही फरशी पुसली, बस्स. पडद्याकडे बघितलंच नाही. खाली सहीच्या जागी तुमच्या नावाचा शिक्का मारा की झालं."

"जानेवारीत निवृत्त होतोय. आता शेरा बसला तर... चाळीस वर्षं, वहिनी! एका पाकिटापायी!" मग स्वतःच हसले. "लोक म्हणतील, ल्यूने यंत्राला खाऊ भरवला!"

हसू मलाही आलं. हे इस्पितळात होते ते अकरा दिवस ह्याच माणसाने मला रोज गाडीतून नेलं, आणलं. कधी बोलून दाखवलं नाही, आजही नाही.

जाताना चपला घालत म्हणाले, "दोन तासांनी असा काय फरक पडतो?"

१८ ऑगस्ट, सोमवार

पडतो.

हे आजवर इथेही लिहिलं नव्हतं. त्या दिवशी नाश्त्याला ह्यांचं तोंड वाकडं झालं. आठ वाजले होते. जीभ जड. मला वाटलं, थकलेत. झोपवलं. इस्पितळात पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. डॉक्टर श्ये तरुण, घाईत. "कधी कळलं तुम्हाला?" पाच तास नवऱ्याला तसंच ठेवलं, हे कोणत्या तोंडाने सांगू? म्हटलं, "अकरा."

गुठळी विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आतच द्यायचं असतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. त्यांनी अकरा धरून दिलं. रक्तस्राव झाला.

औषधाने वाचलेही असते की नाही, कोण सांगणार. पण अकराव्या दिवशी हे गेले, तेव्हा डॉक्टर माझ्यापुढे कमरेत वाकले. म्हणाले, "मला माफ करा. काय चुकलं तेच कळत नाही."

मीही वाकले. काही बोलले नाही. दोन वर्षं झाली.

२० ऑगस्ट, बुधवार

काल चौकशीच्या बाईंना जुनं पान दाखवलं — सात वीस. म्हटलं, नियम वाचलेला होता, कळलं मलाच. ल्यू साहेब खिडकीकडे बघत होते. मग मी दुपारच्या बसने इस्पितळात गेले आणि डॉक्टर श्ये यांना सांगितलं, त्या दिवशी कळलं तेव्हा आठ वाजले होते.