डावीकडची सीट

बेंगळुरू,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय स्मिताअक्का,

नमस्कार. गुडघा आता कसा आहे? फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि मी मोठ्यानं बोलले की हे शेजारच्या खोलीतून दुरुस्त्या सुचवतात. म्हणून कागदच बरा.

आमची नवी गाडी आली एकदाची. अजून डीलरच्या यार्डात आहे, शुक्रवारी हातात पडेल. खरं तर डिसेंबरातच मिळायची, पण यांनी मध्येच ऑर्डर बदलून ऑटोमॅटिक मागितली. जन्मभर 'क्लच नाही ती कसली गाडी' म्हणणारा माणूस. का म्हणून विचारलं, तर म्हणे मारतहळ्ळीच्या ट्रॅफिकमध्ये पाय दुखतो. सरी, असेल बाई, म्हटलं.

आणि माझं लायसन्स इतकी वर्षं लोणच्यासारखं मुरत पडलं होतं ना? आता दर रविवारी जुनी गाडी मला चालवायला लावतात. 'हात बसू दे,' एवढंच म्हणतात.

काल गाडी तपासायला गेलो. यांची सगळी नोकरी विमानाच्या कारखान्यात तपासणी करण्यातच गेलेली. टॉर्च घेऊन दारं, काचा, टायर, सगळं बोट फिरवून पाहिलं. शोरूमचा महांतेश 'सर, स्वल्प बेग' म्हणून घाई करून दमला. शेवटी चासी नंबर कागदाशी ताडायचा होता. हे बराच वेळ वाकून राहिले. मग टॉर्च माझ्या हातात देत हळूच म्हणाले, "शुभा, तू वाच."

अक्का, यांच्या डोळ्यांचं मला कधीपासून कळत होतं. पेपर न वाचताच घडी करून ठेवायचे. मी विचारत नव्हते, कारण मग त्यांना सांगावं लागलं असतं. मी नंबर मोठ्यानं वाचला.

महांतेश ड्रायव्हरची सीट यांच्या उंचीप्रमाणे मागे सरकवायला लागला. "पुढे घ्या," हे म्हणाले, "गाडी या चालवणार." आणि स्वतः डावीकडे जाऊन बसले, पट्टाही लावला. मी रडले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

घरी येताना सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढी नजर टिकेल, पण गाडी चालवणं बंद. कालपासून जेवतानाही माझ्या डावीकडे बसतात, सवय करतोय म्हणतात. आमटी जास्त वाढली की टेबलाखाली पायानं ब्रेक दाबतात.

शुक्रवारी चाकांखालची लिंबं मीच चिरडणार. मग पहिली मोठी फेरी धारवाडला, तुझ्याकडे. फाटकाजवळची तुळस तेवढी आत घेऊन ठेव.

यांचा नमस्कार, डावीकडून.

तुझी
शुभदा