तिसऱ्या गाण्याच्या खालचा माणूस

मी, सहदेव भिकाजी घाडीगावकर, वय वर्षे चोवीस, धंदा नोकरी, मूळचा राहणार असल्फा, घाटकोपर पश्चिम, हल्ली मुक्काम दुबई, कंपनीचा लेबर कॅम्प, खोली नंबर चौदा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. दारू प्यालेलो नाही, कोणी दम दिलेला नाही. शाळा सहावीपर्यंत झाली, त्यामुळे 'सदरहू' आणि 'तहहयात' असले शब्द जिथे येतील ते माझ्या खोलीतल्या चंद्रप्रकाश दळवीचे समजावेत. तो पार्ल्याला एका वकिलाकडे टायपिंग करायचा. बाकी सगळं माझं.

कारण असं की येत्या शनिवारपासून माझी ड्युटी सप्लाय बोटीवर लागली आहे. इराण-इराकच्या भांडणात ज्या पाण्यात जहाजांवर बॉम्ब पडतात, त्याच पाण्यात ती बोट जाते. कंपनीने छापील कागद दिलाय. 'काही झाल्यास कोणास कळवावे' याच्यापुढे एकच ओळ सोडली आहे. माझं एका ओळीत मावत नाही.

कलम १. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी आमच्या शेजारच्या जया अनंता मेस्त्री हिला नेमतो. तिला न विचारता नेमतोय, ती शिव्या घालेल, घालू दे. जया, हा कागद आधी तू एकटीने वाच. मग विमलाकाकीला, म्हणजे तुझ्या आईला, मोठ्याने वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस. गाळायचं काम मी चार वर्षांपूर्वीच करून ठेवलंय.

कलम २. बँकेत जे काय असेल ते आई सुगंधा हिला तहहयात. बाबांना माझा टू-इन-वन रेडिओ आणि चामड्याची बॅग. बाबा, गिरणी बंद पडल्यावर तुम्ही म्हणालात, "सद्या, ते पिक्चरचं खूळ सोड, हातात हुन्नर घे." हुन्नर तो पण होता बाबा. तुम्ही कधी पार्लरमध्ये मागे येऊन बसला नाहीत, म्हणून दिसला नाही.

कलम ३. आईच्या पत्र्याच्या पेटीत माझ्या एकतीस व्हिडिओ कॅसेटी आहेत. त्यांचे तीन भाग. पहिला भाग भुताच्या पिक्चरचा, चौदा नग, तो नंदकिशोरला. घाटकोपरला त्याचं व्हिडिओ पार्लर होतं आणि तिथे मी मशीन चालवायचो. त्याने मला कानफटात मारली होती ती मी विसरलेलो नाही, तरी कॅसेटी त्यालाच. कारण चांगलं भूत कुठलं ते त्याला कळतं.

माझं मत लिहून ठेवतो, कोणी विचारणार नाही तरी. मोठ्या बॅनरचं भूत मला आवडत नाही. त्याच्या आधी गाणं, मग विनोदी नोकर, मग वीज चमकते, मग भूत, आणि भुताच्या तोंडाला एवढा मेकअप की पोरं हसतात. छोटा प्रोड्युसर, ज्याला कोणी ओळखत नाही, जो मित्रांना घेऊन आठ दिवसांत पिक्चर काढतो, त्याच्याकडे भूत बनवायची ऐपतच नसते. मग तो काय करतो? दार दाखवतो. नुसतं बंद दार, आणि त्याच्यासमोर बसलेली बाई. आमच्या पार्लरमध्ये चाळीस माणसं मांडी घालून त्या दाराकडे बघत बसायची आणि कोणी शेंगदाणे खायचं नाही. असा एक पिक्चर आरे कॉलनीत निघत होता, तिथे मी धूर सोडायला गेलो होतो. भुताचा रबरी मुखवटा एकदा चढवला की संध्याकाळपर्यंत निघत नसे, म्हणून भूत स्ट्रॉने चहा प्यायचं आणि गोठ्यातल्या म्हशी त्याच्याकडे ढुंकून बघायच्या नाहीत. तोच माणूस पडद्यावर पाठमोरा उभा राहिला आणि माझी तंतरली. भुताचं तोंड दाखवलं की पिक्चर संपला, हे माझं पक्कं मत आहे.

इंग्लिश भुतं पण असायची. मला इंग्लिश येत नाही. येस, नो आणि शिव्या येतात. तरी मी टीव्हीशेजारी छडी घेऊन उभा राहून सगळा पिक्चर मराठीत सांगायचो. 'ही बाई म्हणते, घर माझ्या माहेरचं आहे, विकायचं नाही. म्हणून सासू भूत होऊन आली.' लोक माझ्यासाठी यायचे, हे नंदकिशोरने पण कबूल करावं. जया एकदा म्हणाली होती, "सद्या, तू सांगतोस ते पिक्चरात असतं तरी का रे?"

मी म्हटलं, "नसतं. पण असायला पाहिजे की नाही?"

"एक दिवस तू खरं सांगशील ना, तेव्हा कोण ऐकणार नाही तुझं."

कलम ४. दुसरा भाग उडत्या माणसांचा, नऊ नग. हे बाबांना. अंगाला चिकटलेले कपडे, पाठीवर फडकं, तोंडावर पट्टी. लोक म्हणतात पोरकट. मला पोरकट वाटत नाहीत, खोटे वाटतात, आणि ते उडण्यामुळे नाही. उडेल बापडा. तो वेळेवर येतो, ते खोटं. इमारत पडायच्या आधी येतो, पोर खाली आपटायच्या आधी येतो. आमच्या असल्फ्याच्या टेकडीवर दरड कोसळली तेव्हा सगळे आले, पण कोसळल्यावर. आणि एकदा तोंडाला पट्टी लावली की त्याची स्वतःची बायको त्याला ओळखत नाही, यावर पार्लरमध्ये सगळे हसायचे. मी हसायचो नाही. ज्याला ओळख द्यायची नसते त्याला कोण ओळखणार?

कलम ५. तिसरा भाग गाण्यांच्या जलशांचा, आठ नग. दुबई, शारजाला आपले लोक स्टेज शो करतात, कोणीतरी शूटिंग करतो, कॅसेट मुंबईत येते. यातल्या सात आईला. आठवी, जिच्यावर निळ्या शाईने '३' लिहिलंय, ती विमलाकाकीला.

जलशाच्या पिक्चरमध्ये गाणारा बघू नये. गाणाऱ्याला माहीत असतं आपल्याला टिपतायत, तो घाम पण बघून पुसतो. कॅमेरा लोकांवर फिरतो तेव्हा बघावं. त्यांना माहीत नसतं. कोणी तोंड उघडं टाकून बसलेलं असतं, कोणी रडतंय. तेवढंच त्या पिक्चरमध्ये खरं असतं.

आता सदरहू आठव्या कॅसेटबद्दल. हे चंद्रप्रकाश म्हणतो वेगळ्या कलमात घे.

कलम ६. चौऱ्याऐंशी सालच्या मार्च महिन्यात ती कॅसेट आली. खेळाच्या आधी दुपारी मी ती लावून तपासत होतो. तिसऱ्या गाण्यात कॅमेरा लोकांवर फिरला. चौथ्या रांगेत अनंताकाका बसले होते. जयाचे वडील, अनंता सोमा मेस्त्री, सुतारकामाला एकोणऐंशी साली आखातात गेलेले, ब्याऐंशीपासून ज्यांचा कागद नाही. कोणी म्हणायचं बुडाले, कोणी म्हणायचं जेलमध्ये आहेत. ते टाळ्या वाजवत होते. मांडीवर एक वर्षाचं मूल होतं आणि शेजारची बाई त्या मुलाचं टोपरं सरळ करत होती. तिने ते झाल्यावर काकांच्या खांद्यावरचा धागा पण काढून टाकला. मी अकरा वेळा मागे घेऊन बघितलं.

विमलाकाकी त्या संध्याकाळी सगळ्यांच्या आधी येणार होती. तिला गाणी आवडतात, ती चटई घेऊन टीव्हीच्या एकदम पुढ्यात बसते. माझ्याकडे तासभर होता. नंदकिशोरकडे कॉप्या काढायला दोन मशीन होती. कॅसेट पुसली जाऊ नये म्हणून तिची टिकली तोडलेली असते, त्या भोकावर मी चिकटपट्टी लावली आणि तिसऱ्या गाण्यावर हाताला लागली ती उडत्या माणसाची मारामारी उतरवली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. गाणं मधेच तुटलं आणि लाल फडकंवाला इमारतीवरून खाली आला. लोकांनी चपला फेकल्या. नंदकिशोर सगळ्यांसमोर म्हणाला, "भिकारड्या, धंद्याची वाट लावलीस!" आणि मारली. कॅसेट पण माझ्या अंगावर फेकली. तेव्हा एकटी काकी उठून मधे पडली. "मारतास कित्याक त्याका? पोर हा. चुकान झाला असात."

काकी, चुकून झालं नव्हतं.

मला वाटलं होतं मी तुला वाचवतोय. वेळेवर आलो असं वाटलं होतं. पण त्यानंतर जयाला मुलुंडचं स्थळ आलं, मुलगा टेलिफोन खात्यात, तिलाही पसंत होता. तू म्हणालीस, "हेंचो कागद येवंदे, मगे बघूया." ते लोक सहा महिने थांबले आणि गेले. तुझ्या भावाने सांगितलं, अनंता गेला असं समज, क्रियाकर्म करून टाक, तर तू त्याच्याशी बोलणं टाकलंस. आणि मी रोज तुझ्या दारावरून जात होतो. सांगायला तोंड उघडलं तरी काय झालं असतं? दाखवायची गोष्ट मीच पुसली होती. सगळे म्हणाले असते, सद्या पिक्चर सांगतोय.

ती कॅसेट म्हणूनच काकीला. तिसऱ्या गाण्यात उडता माणूस येतो. त्याच्या खाली काका आहेत. दिसणार नाहीत, पण आहेत.

कलम ७. पंच्याऐंशीत मी इथे आलो. सगळ्यांना सांगितलं नोकरीसाठी. इथे जेवढे जलसे झाले, तेवढ्यांना गेलो, आणि प्रत्येक वेळी स्टेजकडे पाठ करून उभा राहिलो. लोकांना मी वेडा वाटायचो. एकदा गुंड समजून बाहेर काढलं. गेल्या सप्टेंबरात शारजाला अनंताकाका सापडले. केस पांढरे झालेत. मुलगा पाच वर्षांचा आहे. त्याचं आणि त्याच्या आईचं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांनी कोणाचं काही केलेलं नाही.

मी म्हटलं, "काका."

त्यांनी बराच वेळ बघितलं. "तू भिकाजीचो झील ना रे? असल्फ्याचो?"

"हो. काकी वाट बघतेय."

"अजून?" एवढंच म्हणाले, आणि मुलाला उचलून गर्दीत गेले. मग मी त्यांचं कामाचं ठिकाण शोधून तीनदा गेलो. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "मी मेलंय असा सांग. सगळ्यांका सोपा जायत."

मी म्हटलं, "खोटं सांगायचं काम मी खूप केलं. आता माझ्याने होत नाही."

चंद्रप्रकाशचे वकीलसाहेब म्हणायचे, माणूस मृत्युपत्रात सहसा खोटं लिहीत नाही. म्हणून हे पत्रात न लिहिता इथे लिहिलं. पण हा कागद माझ्या मरणाची वाट न बघता पोचल्याबरोबर वाचावा. चंद्रप्रकाश म्हणतो, असं मृत्युपत्र नसतं. नसू दे. मी बोटीवरून परत आलो तर काकीच्या शिव्या खायला घरी येईन. नाही आलो तर तिने त्या आईला ऐकवाव्यात.

जयाला माझी वही. तिच्यात दोनशे पिक्चरांबद्दल लिहिलंय. बाकी जयाबद्दल काय वाटतं ते या कागदाचं काम नाही. टेलिफोनवाल्याचं अजून जमलं नसेल तर चौकशी करावी.

कलम ८. हे आज शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मागाहून लिहीत आहे. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक चंद्रप्रकाश. दुसरा म्हणून मी अनंताकाकांना खाडीकाठी बोलावलं. येतील असं वाटलं नव्हतं. आले, मुलाला न घेता. चंद्रप्रकाश म्हणाला, साक्षीदाराला आतला मजकूर कळायलाच हवा असं काही नाही, नुसती सही घे. मी नाही ऐकलं. पहिल्या ओळीपासून सगळं वाचून दाखवलं. टोपऱ्याच्या जागी त्यांनी हात वर केला, मी थांबलो, मग त्यांनीच "वाच" म्हटलं.

संपल्यावर म्हणाले, "माझी सही कित्याक व्हयी? तुझी हा मां?"

"माझ्या सहीवर कोण विश्वास ठेवणार काका? इंग्लिश सासूला भूत करून आणणारा माणूस मी."

त्यांना हसू आलं आणि लगेच गेलं. "विमला काय करतली?"

"ते ती ठरवेल. तुम्ही तुमचं ठरवलंत, मी माझं ठरवलं. तिला कोणी काही ठरवू दिलंच नाही."

"जया माझा तोंड बघूची नाय."

"नाही बघणार कदाचित."

चंद्रप्रकाशने दोनदा घड्याळ बघितलं. मग काकांनी हात पँटला पुसला आणि पेन मागितलं.

वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे, म्हणून सही करतो.

(सही) सहदेव भिकाजी घाडीगावकर

आमच्या समक्ष सही केली, आम्ही त्याच्या समक्ष केली:

१. (सही) चंद्रप्रकाश विष्णू दळवी, वय ३१, धंदा टाइमकीपर, राहणार कंपनीचा लेबर कॅम्प, खोली नंबर चौदा, दुबई.

२. (सही) अनंता सोमा मेस्त्री, वय ४९, धंदा सुतारकाम, राहणार <s>असल्फा, घाटकोपर पश्चिम, मुंबई</s> रोलाच्या बागेमागे, सुतारांच्या वखारीवरची खोली, शारजा.

ठिकाण : दुबई. दिनांक : १५ जानेवारी १९८८.

खाडाखोडीबद्दल : साक्षीदार नंबर दोन यांनी पत्ता लिहिताना आधी असल्फ्याचा लिहिला. थोडं थांबून त्यांनी तो स्वतःच्या हाताने खोडला आणि पुढे शारजाचा लिहिला. खोडलेल्या जागी त्यांची वेगळी सही घेतली आहे.