दोन नंबर घरात आहे

४ नोव्हेंबर

जो येणार नाही त्याच्यासाठी जागा धरू नये, कुणीतरी येऊन बसतं, असं आई एकदा म्हणाली होती. मी तेव्हा शाळेत होते. बसमध्ये शेजारच्या सीटवर मैत्रिणीसाठी रुमाल टाकला होता. मैत्रीण आलीच नाही. एक अनोळखी बाई आल्या, रुमाल उचलून माझ्या मांडीवर ठेवला, बसल्या आणि हळूहळू अशा ऐसपैस झाल्या की उरलेला प्रवास मी अर्धी सीटबाहेर लोंबकळत केला.

आज आठवलं, कारण आज मीच ऐसपैस बसले आहे. नवं गाव, नवी नोकरी, दोन खोल्यांचं स्वतंत्र घर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सकाळचं ऊन थेट ओट्यावर येतं. खोकी अजून फोडायची आहेत, पण कप सापडले. आणले होते दोनच. एक वापरायचा, एक फुटला तर.

धाकटीने फोनवर चोरांच्या अलार्मचा धोशा लावला आहे. एकटी राहणार, बसवच, म्हणाली. मी म्हटलं, माझ्या घरात चोराला काय मिळणार? तर म्हणते, खरंय ताई, दया येऊन तोच काहीतरी ठेवून जाईल.

७ नोव्हेंबर

अलार्मवाला येऊन गेला. बोलघेवडा माणूस. दाराशेजारी आकड्यांची पाटी, प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात हालचाल टिपणारा डोळा. कुलूपही त्याच पाटीवर. बाहेरून किल्ली, पण आतून निघताना आकडाच लागतो. चोर शिरला तरी बाहेर पडता कामा नये ताई, म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

प्रत्येकाला वेगळा आकडा द्यायचा, म्हणजे कोण आलं ते यंत्र बोलून सांगतं. एक नंबर मालकाचा. बाकीच्यांना घालायचं, काढायचं, त्यांचा आकडा बदलायचा हक्क फक्त त्यालाच. माझा आकडा घालून झाला. मग त्याने विचारलं, दोन नंबरला कोण? कुणी नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण त्याने मान वर करून खोलीकडे पाहिलं, त्या एका खुर्चीकडे पाहिलं, आणि मला ते सहन झालं नाही. आहे एक जण, नंतर येणार आहे, असं बोलून गेले. मग घाला की आकडा, म्हणत तो सभ्यपणे पाठ करून उभा राहिला. मी न बघता चार बटणं दाबली.

कोणती, ते मलाही माहीत नाही. जगात कुणालाच माहीत नाही. तो गेल्यावर एकटीच हसत बसले.

१२ नोव्हेंबर

काम आवडतंय. लोकांचे कान तपासायचे. काचेच्या बंद खोलीत माणूस हेडफोन लावून बसतो, मी बाहेरून बारीक बारीक आवाज सोडते, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. आज एक आजोबा आवाज नसतानाही दाबत होते. असं का करता, विचारलं. म्हणाले, बाई, तुम्ही काचेतून इतक्या आशेने बघत होता, वाटलं, हिरमोड कशाला करा.

घरी येऊन हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. धाकटीचा फोन व्यस्त होता.

१९ नोव्हेंबर

दार उघडलं की यंत्र टिकटिक करतं, आकडा घालेपर्यंत. आज केली नाही. शांत होतं. मग त्यात भरलेल्या बाईच्या गोड, सपाट आवाजात म्हणालं की दोन नंबर घरात आहे.

चपलांसकट सगळं घर बघितलं. खाटेखाली, कपाटात, दारामागे. कुणी नाही. खिडक्या बंद, गज शाबूत.

२० नोव्हेंबर

अलार्मवाल्याला फोन केला. अहो, मग आले असतील ना तुमचे पाहुणे, म्हणाला. यंत्र बिघडेल, पण आकडा आपोआप दाबला जात नाही. नको असतील तर काढून टाका, सोपं आहे. कसं काढायचं तेही सांगितलं.

काढायला गेले. दोन नंबर काढायचा का, असं यंत्राने विचारलं. हो किंवा नाही.

मी ‘नाही’ दाबलं. का, ते इथे खरं लिहायला हरकत नसावी. काल संध्याकाळी, घाबरण्याच्या आधी, क्षणभर — घरात कुणीतरी आहे हे ऐकून मला बरं वाटलं होतं.

२७ नोव्हेंबर

आता रोजचंच झालं आहे. मी येते, टिकटिक नसते, दोन नंबर घरात असतो. की असते? मी दारातून ‘आले गं’ म्हणते. दिवसभरात काय झालं ते मोठ्याने सांगते. त्या आजोबांची बटणाची गोष्ट सांगितली, ते कानाचं यंत्र घ्यायला आले होते, तेही. कुणी मध्येच तोडत नाही, घाईत आहे म्हणत नाही.

आज दुसरा कप ओला होता. धुऊन, पालथा घालून ठेवलेला. मी ठेवते तसाच, कान भिंतीकडे करून.

२ डिसेंबर

धाकटी येणार आहे, चार दिवस राहायला! तिच्यासाठी तीन नंबरचा आकडा घातला. आमच्या जुन्या घराचा नंबर, तिला लक्षात राहील असा.

स्वयंपाकघरात गेले, तर मागून यंत्र बोललं. तीन नंबर काढला आहे.

तो हक्क तर फक्त एक नंबरला —

पुन्हा घातला. पुन्हा काढला गेला. पाटीसमोर मी एकटी उभी होते. पाटीची काच कोमट होती, आत्ताच कुणीतरी बोट ठेवल्यासारखी.

५ डिसेंबर

कामावरून आले. माझाच आकडा घातला. यंत्र म्हणालं, दोन नंबर, या.

मी दोन नाही. मी एक आहे. तीनदा घातला. या, या, या.

दोन नंबर काढायला गेले होते मी. आता तो नंबर माझा.

खुर्चीवर उशी होती. मी ठेवली नव्हती.

६ डिसेंबर, सकाळ

दार उघडत नाही. आतून आकडा घेत नाही. दोन नंबरला बाहेर जाण्याची परवानगी नाही, म्हणतं. इतक्या गोड आवाजात.

अलार्मवाल्याला फोन लावला. तो आवाज हलका करून बोलला. काळजी करू नका, ताईंनी सांगितलंय मला, त्यांच्याकडे तब्येत बरी नसलेल्या नातेवाईक आल्यात म्हणून. आराम करा.

ताईंनी —

धाकटीला लावला. मी काही बोलायच्या आधीच ती हसत होती, कुणाशी तरी बोलणं नुकतं संपल्यासारखी. मी म्हटलं, अगं, मी. ती थांबली. म्हणाली, ताईचा फोन आत्ताच ठेवला मी. तुम्ही कोण बोलताय?

तुम्ही, म्हणाली. मला. जिची वेणी मी घालत असे.

दुपार

यंत्र चालू झालं आहे. मी केलं नाही. कोपऱ्यातला डोळा हललं की लाल होतो. ओट्याखाली त्याला दिसत नाही, तिथे बसून लिहिते आहे. ऊन अजून ओट्यावर आहे. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

पुढच्या खोलीत कुणीतरी बोलतंय. फोनवर. माझ्या आवाजात. त्या आजोबांची गोष्ट सांगतेय, बटणाची, आणि पलीकडे धाकटी खळखळून हसत असणार. मी सांगितली असती त्याहून चांगली सांगतेय. सगळं मीच तर सांगितलं होतं तिला, दारात उभी राहून.

रुमाल मीच टाकला होता, आई.

फोन ठेवला. कप खाली ठेवल्याचा आवाज. आता पाटीची बटणं —

यंत्र विचारतंय. दोन नंबर काढायचा का.

अजून हो म्हणाली नाही. मी इथूनच मागणार आहे. दार नको. माझं नावही राहू दे तुझ्याकडे. फक्त दोन नंबर राहू दे. मी हलणार नाही, ओट्याखालीच राहीन, तू संध्याकाळी आलीस की दिवसभराचं सगळं ऐकेन, मध्ये बोलणार नाही. तीन नंबरचं काय झालं ते पाहिलंय मी, ऐकणार नाहीसच, तरी एकदा — मी ‘नाही’ दाबलं होतं ना तुझ्या वेळी, मग तूही —