तुझा फोन वाजत होता तेव्हा

सोनई, ता. नेवासा
१० ऑक्टोबर २०२१

चि. अश्विनी हिला विजयमाला मावशीचे अनेक आशीर्वाद.

इकडे आमचं बरं चाललं आहे. गुरुवारी घट बसले. यंदा पाऊस जरा जास्तच झाला, वावरात अजून पाय ठरत नाही, बऱ्याच जणांची बाजरी आडवी झाली. त्यामुळे आमच्या पिठाच्या गिरणीवर दळणं कमी. आमच्या ह्यांनी लशीचा दुसरा डोस घेतला आणि अंग दुखतंय म्हणून पडून राहिले. मला बरंच वाटलं, एरवी ते एका जागी बसणारे नाहीत. माझा दम पुष्कळ सुधारला आहे. जिना चढते, पाण्याची कळशी उचलते. वास मात्र पूर्ण परत आलेला नाही. मागच्या आठवड्यात गिरणीत एका बाईचं गव्हाचं पीठ करपलं. मी तिथेच उभी होते आणि मला कळलं नाही. ती म्हणाली, मावशी, अहो वास येतोय. तेव्हा गिरणी बंद केली.

छकुली आता धरून उभी राहायला लागली असेल. तिला दृष्ट काढत जा.

परवा तुझा फोन आला. तू दोनच गोष्टी विचारल्यास. आईला त्रास झाला का, आणि शेवटच्या दिवशी दुपारी फोन का उचलला नाही. मी म्हटलं, त्रास काही झाला नाही आणि फोन चार्जिंगला लावला होता. तू "बरं मावशी" म्हणालीस आणि ठेवलास. मागोमाग जावयांचा, रामरावांचा फोन आला. ते सांगत होते की तू कोणाशी बोलत नाहीस, जेवणावरून उठून जातेस, आणि एकच घोकतेस की आईला मी फसवलं, ती पोराच्या आशेवर गेली आणि मी तिला रोज थापा मारत बसले.

म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. फोनवर मला हे बोलता येणार नाही. आणि फोनवर ऐकलेल्या गोष्टींवर तुझाही आता फार विश्वास उरला नसेल.

आपण एकमेकींना अजून समोरासमोर पाहिलेलं नाही. तू मला पडद्यावर पाहिलंस तेही नाकातोंडावर मास्क असलेलं. तुझ्या आईची आणि माझी ओळखही तिथलीच. राहुरीजवळच्या त्या मंगल कार्यालयात मला आणलं तेव्हा शेजारच्या खाटेवर रतनबाई पालथ्या झोपल्या होत्या. स्टेजवर लग्नाची प्लास्टिकच्या फुलांची कमान तशीच होती आणि तिच्याखाली ऑक्सिजनच्या टाक्या उभ्या केल्या होत्या. मला धाप लागली होती, रडू येत होतं. त्यांनी मान वळवून पाहिलं आणि म्हणाल्या, "लेकीचं लगीन असल्याच हॉलात केलं हुतं बाई. तवा घटकाभर टेकाया मिळालं न्हाई. आता झोपून घेते." मी त्या जागी हसले. तिथे हसणारी बहुधा मी पहिलीच असेन.

त्यांचा साधा फोन घरीच राहिला होता, म्हणून तू माझ्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल करायचीस. तू तिकडे कर्जतला स्वतः पॉझिटिव्ह, अंगावर पिणारं मूल, दार बंद. तुझा भाऊ ओंकार नगरला दवाखान्यात. आणि मोबाईल धरायला मी. तुझ्या आईच्या हाताला सलाईनची सुई असायची.

आज इथेच थांबते. गिरणीवर कोणीतरी हाक मारतं आहे.

११ ऑक्टोबर

काल उठले ती पुन्हा बसलेच नाही. हाक मारणारी बाई दहा मिनिटांत गेली होती. पण लिहायला हात होत नव्हता.

अश्विनी, ओंकार गेला ते मला त्याच दिवशी कळलं होतं. रामरावांनी आमच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं की सासूबाईंना इतक्यात कळू देऊ नका. आणि तुझे फोन माझ्याकडे यायचे म्हणून डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. त्या दिवशी संध्याकाळी तू फोन केलास, डोळे सुजलेले, आणि म्हणालीस की सर्दी झाली आहे. आई म्हणाली, वाफ घे. तू म्हणालीस, ओंकार बरा आहे, आज त्याचा ऑक्सिजन कमी केला. मी मोबाईल धरून दुसरीकडे बघत होते.

तुला वाटतं की हे असंच शेवटपर्यंत चाललं. तसं नाही झालं.

तुमच्या वस्तीच्या पलीकडच्या दगडाबाई आठवतात ना तुला? त्यांना समोरच्या रांगेत आणलं. जरा सावरल्यावर त्यांनी रतनबाईंना ओळखलं, आणि तिथूनच रडत म्हणाल्या, "लई वंगाळ झालं गं रतन. असा ताठ पोरगा."

मी त्यांना हातानं खूण करत होते. त्यांचं लक्ष नव्हतं.

मी तुझ्या आईकडे पाहिलं. तोंडावर मास्क, त्यामुळे डोळेच दिसत होते. त्या ओरडल्या नाहीत की उठून बसल्या नाहीत. म्हणाल्या, "व्हय." असं, जणू त्यांना आधीपासून ठाऊक होतं. आणि मग एक एक विचारायला लागल्या. दगडाबाईंना वाटलं, मनातलं बोलते आहे बिचारी. पण मी शेजारी होते. त्या एक एक माहिती काढून घेत होत्या.

"शेवटाला कोन हुतं त्याच्याजवळ?"

"कोन असनार गं. कोनाला आत सोडतेत. नगरलाच दिला म्हनं अग्नी. तुजे जावई हुते, पन लांब उभे."

"जावई हुते," असं म्हणून त्यांनी मान हलवली आणि तोंड भिंतीकडे केलं.

सिस्टर येऊन बोटाला ते यंत्र लावून गेल्या. ऑक्सिजनचा आकडा उतरला होता, त्यांनी टाकीची चावी थोडी वाढवली. मग रतनबाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, "तुमाला ठाव हुतं?" मी हो म्हटलं. त्यांनी मला बोल लावला नाही. फक्त म्हणाल्या, "आता सांजच्याला तिचा फोन येईल. मला पानी द्या, तोंड पुसते."

तुला आठवतो तो फोन? तू सांगितलंस, ओंकारनं आज वरणभात खाल्ला. आई म्हणाली, "त्याला वरन कधी गोड लागलंय? म्हनावं, गुमान खा." तू हसलीस. माझ्या हातातला मोबाईल कलला तेव्हा तू म्हणालीस, मावशी, आई दिसत नाही, मोबाईल नीट धरा ना.

त्यानंतरचे सगळे फोन मनातल्या मनात आठवून बघ. तू अडखळलीस की तीच तुला वाट करून द्यायची. "झोपला आसंल, उठवू नगं." "दवाखान्यात रेंज नसती." "डाक्टर बोलू देत न्हाईत, बरोबर हाय त्येंचं." तुला वाटायचं की आईला पटतंय. ती तुला आणखी खोटं बोलायला लागू नये म्हणून स्वतःच बोलून टाकायची. एकदा फोन ठेवल्यावर डोळे मिटून म्हणाली, "पोरगी लई झ्याक खोटं बोलती. माज्यावर गेली." त्यात राग नव्हता गं. कौतुकच होतं.

मी एकदा न राहवून म्हटलं, रतनबाई, सांगून टाका ना तिला. दोघी मिळून रडाल तरी. त्यांना एका दमात बोलता यायचं नाही, थांबत थांबत म्हणाल्या, "मला ठाव हाय म्हनल्यावर ती तिकडं फुटंल. पदराखाली लेकरू हाय, तिचाबी ताप उतरला न्हाई. माज्यासाठी तिनं एवढं आवळून धरलंय, ते मी कशाला सोडू?" आणि माझ्याकडून वचन घेतलं की अश्विनीला हे कधी कळता कामा नये. माझा हात त्यांनी स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. मी बरं म्हटलं. त्या हॉलमध्ये कोण कोणाला काय नाही म्हणणार?

एक गोष्ट तू विचारशील म्हणून आधीच लिहिते. बातमी कळली म्हणून आईनं जीव सोडला का? मला माहीत नाही. पण मी पाहिलं ते एवढंच, की त्यानंतरही त्या सांगितलं तितका वेळ पालथ्या झोपायच्या. उकडलेलं अंडं त्यांना मुळीच आवडायचं नाही, तेही पाण्याबरोबर उतरवायच्या. नळीतून श्वास ओढायचा तो तीन चेंडूंचा डबा घेऊन बसायच्या आणि एक तरी चेंडू वर जातोय का बघायच्या. मरायला टेकलेलं माणूस असं करत नाही. त्यांना तुझ्यासाठी घरी यायचं होतं. त्याच रांगेत कसलंही दुःख नसलेल्या, घरी सगळं भरलेलं असलेल्या बायकाही गेल्या, आणि मी राहिले. हा आजार कोणाचं मन बघून आला नाही.

आता त्या दिवसाचं.

सकाळपासून आकडा खाली येत होता. टाकी बदलली, मास्क बदलला. डॉक्टर स्वतः व्हेंटिलेटरसाठी नगरला, आणखी कुठे कुठे फोन करत होते. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर, जागा नाही. तरुण पोरगा होता डॉक्टर, फोन ठेवून भिंतीला डोकं टेकून उभा राहिलेला मी पाहिला. आईला त्रास झाला नाही असं मी तुला सांगितलं. त्रास झाला, अश्विनी. छाती भात्यासारखी चालत होती. मास्क नको म्हणून हात वर जायचा आणि पुन्हा स्वतःच खाली घ्यायच्या. मी माझी खाट जितकी सरकवता आली तितकी सरकवली आणि त्यांचा हात धरला. माझी ऑक्सिजनची नळी तेवढीच पुरत होती.

दुपारी तुझा फोन आला. माझा मोबाईल उशीजवळ होता, चार्जिंगला वगैरे काही नव्हता. छकुलीला कडेवर घेतलेला तुझा फोटो त्यावर येतो, तो आला. मी उचलणार तर त्यांनी माझं मनगट दाबलं. त्या स्थितीत इतका जोर कुठून आला कोण जाणे. मास्कमधून म्हणाल्या, "नगं. आज खरं निघंल तोंडातून."

मी मोबाईल त्यांच्यासमोर धरला. फोन वाजत राहिला. त्या फोटोकडे बघत होत्या. थांबला. तू पुन्हा केलास. पुन्हा वाजला, पुन्हा त्या बघत राहिल्या. बोटानं काचेवर छकुलीला हात लावायला गेल्या, तर मी घाईनं मोबाईल मागे घेतला, चुकून उचलला जाईल म्हणून. ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मग फोन बंद झाला आणि काच काळी झाली.

"अजून करंल का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, संध्याकाळी करेल. "सांजच्याला उचला," म्हणाल्या.

हे त्यांचे शेवटचे शब्द. ऊन स्टेजवरून खाली उतरलं तेव्हा त्या गेल्या. डॉक्टर छाती दाबत होते तोवर मी हात सोडला नव्हता. मग सोडायला लावला.

संध्याकाळी तुझा फोन मी उचलला, तो तुला आठवतोच.

तेव्हा तू आईला फसवलं नाहीस. तिला फसवणं तुला जमलंच नाही, इतकंच. तू तिकडून तिला सांभाळत होतीस आणि ती इकडून तुला, आणि मध्ये मी मोबाईल धरून बसले होते. या पत्रानं तुझं दुःख हलकं होईल असं मी म्हणत नाही. कदाचित वाढेल. आपला फोन समोर वाजताना बघूनही आईनं तो उचलू दिला नाही, हे सहन करायला सोपं नाही. पण तू जे ओझं वाहते आहेस ते तुझं नव्हतंच, आणि नसलेल्या ओझ्याखाली तुला मोडू देणं मला बरोबर वाटेना.

दगडाबाई बऱ्या होऊन घरी गेल्या. ती बातमी आपणच दिली हे त्यांना आजही ठाऊक नाही. कधी भेटल्या तर त्यांना बोलू नकोस. आता हे ठाऊक असलेल्या आपण दोघीच.

रामरावांना हे पत्र वाचू दे. त्या माणसानं नगरला लांब उभं राहून काय पाहिलं ते त्यांनाही कोणाला सांगता आलेलं नसेल. त्यांना विचार. आणि आज जेव.

उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल. राग आला तर माझ्यावर काढ, मी फोन उचलीन, कितीही वेळा केलास तरी.

तुझ्या आईच्या डोक्यावर हात ठेवून दिलेला शब्द मोडलेली,
तुझी
विजयमाला मावशी