कपड्यांच्या हंड्यातली पांढरी बिअर

वेलबेक,
गुरुवार, ९ एप्रिल १९५९

चि. सौ. गोदलीव हिस आईचे आशीर्वाद. मारियामाऊलीची सावली तुझ्यावर आणि जावई नेव्हिओवर असो. वि. वि.

मंगळवारच्या गाडीने जे उतरले ते असे : कच्चे गहू पंचवीस किलो, एकशे चाळीस फ्रँक, मोड आणून वाळवलेले जव तेवढेच, दोनशे दहा, ओट पाच किलो, पस्तीस, धने अर्धा किलो, अठरा, वाळवलेली संत्र्याची साल, बावीस, बाटल्यांच्या बुचांना रबरी चकत्या, तीस. एकूण चारशे पंचावन्न. एवढ्यात माझा हिवाळी कोट झाला असता. आणि ही दुसरी खेप. पहिली गटारात गेली.

तुझ्या बाबांनी घरात बिअर करायला घेतली आहे. गावची भट्टी बंद पडल्यापासून ते स्टोव्हपाशी बसून असत, ते बरे होते असे आता वाटते. तीस वर्षे त्या भट्टीत पांढरी बिअर घातली, आता लोकांना शहरातली पिवळीधमक, आरशासारखी बिअर हवी, त्याला मी काय करू? पण त्यांनी मनात घेतले आहे की भट्टी मेल्यापासून माझी जीभ रुसली आहे. शेजारच्या त्रेसला कुंपणावरून सांगत होते की आमची लिओनी इतकी वर्षे दर रविवारी चर्चच्या मोठ्या मिसानंतर माझ्याबरोबर पांढरी बिअर प्यायची, आता पेल्याला हात लावत नाही, तेव्हा तिच्या जिभेला रुचेल अशी मी घरीच करीन. मला नाही सांगितले. त्रेसला सांगितले!

आणि केली कशात, तर माझ्या कपडे उकळायच्या तांब्याच्या हंड्यात. मी रविवारी रात्री चादरी भिजवून ठेवते हे या माणसाला लग्नापासून ठाऊक आहे. सोमवारी पहाटे बघते तर चादरी बादलीत पिळून टाकलेल्या आणि हंड्यात गव्हाचा रटरटता रस्सा. मी विचारले की उद्या सूप माझ्या बुटांत करणार का, तर म्हणाले, हंडा घासला आहे. घासला कशाने? साबणाने! ईस्टरच्या दिवशी पेला पुढे आला तेव्हा फेस असा बसला जसा मिसात झोपलेला माणूस. त्यांनीही एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. मी पेला सरकवला. त्यांना वाटले साबणामुळे.

तुझे नाव या घरात अजून निघत नाही. तुझे बाबा म्हणजे गोमार देकूपर, एकदा बोलला की बोलला. खाणीतल्या जावयाचा कोळशाचा काळा हात माझ्या पांढऱ्या बिअरच्या पेल्याला लागणार नाही, हे तुझ्या लग्नाच्या दिवशी बोलले ते त्यांनी राखले आहे. माझ्याशी बोलताना तुला ‘तुझी ती मुलगी’ म्हणतात. जशी काही मी एकटीनेच जन्माला घातली.

पत्र पाठवीत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आई,
लिओनी


शार्लरोआ,
१६ एप्रिल १९५९

ती. आईस गोदलीवचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचून नेव्हिओ इतका हसला की त्याला खोकल्याची ढास लागली. मी हसले नाही. बाबांना तुझ्या जिभेची एवढी काळजी आहे की तुझ्यासाठी चादरी फेकून बिअर करतात, आणि पोटची मुलगी तीन वर्षे दारात आली नाही याची काळजी नाही. त्यांना म्हणावे, धने कमी घाला नि लाज जास्त घाला.

तूही कमाल करतेस. पिऊन टाक ना एक पेला. साबण नसेल तेव्हा पी. चांगली आहे म्हण. बिचारे खूश होतील, आणि खूश माणसाकडे माझी गोष्ट काढता तरी येईल. तू पेला सरकवतेस आणि मला लिहितेस की नाव निघत नाही. नाव तू काढ. तुला तोंड आहे.

आता खरी गोष्ट. नेव्हिओची छाती कोळशाने धरली आहे. डॉक्टर म्हणाला, खाण सोड. त्याच्या मामाने इटलीत, कालाब्रियात, गाडी दुरुस्तीच्या दुकानात जागा ठेवली आहे. सप्टेंबरात आम्ही जाणार. मग तिथून येणे म्हणजे दोन दिवस नि दोन रात्री आगगाडीत. तेव्हा दार उघडायचे असेल तर ऑगस्टातल्या गावच्या जत्रेपर्यंत उघडा. मी चोरासारखी मागच्या दाराने येणार नाही, आणि नवऱ्याला स्टेशनवर बसवून एकटी तर मुळीच येणार नाही. नंतर उघडलेत तर वारा खात बसा.

राग मानू नकोस. मानलास तरी लिही.

तुझी,
गोदलीव


वेलबेक,
२० मे १९५९

चि. सौ. गोदलीवस आईचे आशीर्वाद.

सप्टेंबर वाचला आणि दोन दिवस मला जेवण गेले नाही. नेव्हिओला रात्री गरम दूध आणि मध देत जा. मध पाठवते आहे, बरणी परत नको.

तू मला तोंड आहे म्हणालीस. आधी इथे काय झाले ते ऐक, मग तोंडाचे बघू.

मे महिना माऊलीचा. दरवर्षीप्रमाणे गल्लीतल्या बायका संध्याकाळी आपल्या पुढच्या खोलीत जपमाळेला येतात. यंदा पहिल्याच दिवशी तिसरी दशकी, म्हणजे दहा मण्यांची फेरी, चालू होती, आणि खाली तळघरात धडाड् झाले. मग दुसरे. मग सगळी फळीच. तुझ्या बाबांनी दुसरी खेप नीट आंबून व्हायच्या आधीच बाटल्यांत कोंबली होती, कारण त्यांना धीर नाही. त्रेस मारियेच्या मूर्तीखाली आडवी झाली आणि ओरडली की जर्मन परत आले. मी खाली गेले तर माझ्या नासपत्यांच्या बरण्या फुटलेल्या, बटाट्यांवर बिअर, आणि हे मध्ये उभे राहून मला सांगतात की जोर बघ कसा आहे तिच्यात. बायका वर गुडघ्यांवर. मी त्या दिवशी जे बोलले त्याची कबुली मला शनिवारी द्यावी लागली, आणि पाद्रीबाबांनी कबुलीच्या खिडकीमागे हसू दाबले ते मला कळले.

तिसरी खेप मात्र चांगली झाली. हे मी तुझ्याजवळ लिहिते, त्यांच्याजवळ बोलणार नाही. हंडा राखेने घासला, साबण लावला नाही. रविवारी मिसाहून आल्यावर बाटली टेबलावर आडवी ठेवली, भट्टीत करीत तशी तळहाताखाली लोळवली, तळचा गाळ वर उठवला आणि ओतली. ताकाच्या निवळीसारखी पांढरट, वर फेस बोटभर. धन्याचा वास खोलीभर. माझ्यापुढे पेला ठेवला आणि टोपी हातात घेऊन उभे राहिले. मी पेला सरकवला.

त्यांनी काय कमी आहे विचारले. मी टेबल पुसायला घेतले. मग स्वतःशीच म्हणाले की साल गोड संत्र्याची आहे, म्हणून. भट्टीत कडू संत्र्याची साल पोत्याने यायची, आता एका घरासाठी कोणता व्यापारी आणतो. मग म्हणाले, नाही, साल नाही, माझा हातच गेला. आणि अंगणात जाऊन अख्खे पिंप उपडे केले. चांगली बिअर, गोदलीव! दोनशे फ्रँकांचा माल! मी खिडकीतून पाहत उभी राहिले.

आता तुझ्या तोंडाच्या गोष्टीवर येते. तुझ्या लग्नानंतरच्या रविवारी मी टेकडीवरच्या माऊलीला नवस बोलले आहे. हे जोवर आपल्या तोंडाने तुझे आणि तुझ्या नवऱ्याचे नाव घेऊन तुम्हाला टेबलावर बोलावत नाहीत, तोवर मी यांच्याबरोबर पांढरी बिअर पिणार नाही. भट्टी त्यानंतर दोन वर्षांनी बंद पडली, तोवर मी पेला सरकवतच होते, ते यांच्या लक्षात आले नाही. पण पुरुषाला आधी बिअर दिसते. माझी जीभ ठणठणीत आहे. तो वास आला की अजून पाणी सुटते.

हे त्यांना सांगायचे नाही. सांगितले की नवसाचे सत्त्व जाते. आणि बायकोने पेला उचलावा म्हणून बोलावलेली मुलगी मला नको आहे. त्यांना आपणहून वाटले पाहिजे.

उत्तर लिही, आणि रागाने लिहिलेस तरी चालेल, मीही रागातच आहे.

आई


शार्लरोआ,
२८ मे १९५९

ती. आईस सा. न.

रागाने लिहिलेस तरी चालेल म्हणतेस, तर घे.

तीन वर्षे! तीन वर्षे तू पेला सरकवतेस आणि ते समजतात की बायकोची जीभ गेली, भट्टी गेली, हात गेला. त्यांनी पिंप ओतले तेव्हा तू खिडकीत उभी राहिलीस. आई, माझ्या वाटेची शिक्षा तू त्यांना दिलीस आणि त्यांना गुन्हाच सांगितला नाहीस. आपणहून वाटले पाहिजे म्हणे. त्यांना आपणहून पायमोजेसुद्धा सापडत नाहीत! बाबांवर माझा राग आहे तो आहेच. पण ते निदान तोंडावर बोलले. तू बोलायचे ते काम मारियामाऊलीवर टाकलेस, आणि त्या बाईला आधीच कामे कमी आहेत का?

सत्त्व जाऊ दे. माझी गाडी जाईल त्याचे काय?

सोबत पत्र्याचा डबा आहे. नेव्हिओच्या आईच्या परसात कडू संत्र्याचे झाड आहे. ती दर थंडीत साली वाळवून आम्हाला पाठवते, मुरंब्यासाठी. तुझे पत्र मी त्याला वाचून दाखवले. सगळे नाही, पिंप ओतल्यापर्यंतचे. त्याने उठून फळीवरचा डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, म्हाताऱ्याला सांग, खाणीतून वर आल्यावर रोज गरम पाण्याने घासून आंघोळ करतो, माझे हात त्याच्यापेक्षा पांढरे आहेत. पुढचा भाग लिहू नको म्हणाला, तो म्हणजे, बिचाऱ्याने चांगले पिंप ओतले.

डबा कुठून आला ते लपवायचे नाही. लपवणार असशील तर साली त्रेसच्या कोंबड्यांना घाल.

तरीही तुझीच,
गोदलीव


वेलबेक,
३० जुलै १९५९

चि. सौ. गोदलीव हिस आणि चि. नेव्हिओ यांस आशीर्वाद.

डबा पोचल्याचे दोन ओळींचे कार्ड टाकले होते, त्यानंतर दोन महिने लिहिले नाही, कारण लिहिण्यासारखे नव्हते. आता आहे.

तुझ्या पत्राचा मला फार राग आला. ते मी प्रार्थनापुस्तकात ठेवले आणि रोज वाचून रोज रागावले. मग एका दुपारी तुझे बाबा घरी आले आणि म्हणाले, साखर कारखान्यात फाटकावर बसायची नोकरी पत्करली आहे, ऑक्टोबरपासून. मी म्हटले, फाटकावर? ज्या माणसाला पाच गावे बिअरसाठी ओळखत तो फाटकावर? तर म्हणाले, हात गेलेल्या माणसाने बसायचे कुठे.

तेव्हा मी डबा टेबलावर आपटला. झाकण उडाले. मी सांगितले की ही कडू साल आहे, तुमच्या जावयाच्या आईच्या परसातली, तुमचा हात गेलेला नाही, तुमची बुद्धी गेली आहे, आणि मी तीन वर्षे का पीत नाही ते ऐका. सगळे सांगितले. नवस, टेकडी, सप्टेंबर, छाती, सगळे. त्रेसच्या खिडक्या उघड्या होत्या, तिनेही ऐकले असेल. ऐको.

मला वाटले वरमतील. वरमले कसले! असे पेटले, गोदलीव, की मी लग्नापासून पाहिले नाही. म्हणाले, म्हणजे बिअर चांगली होती? मी म्हटले, तिसरी चांगली होती. म्हणाले, आणि तू मला ती ओतू दिलीस? मी रात्र रात्र जागा राहून धने मोजत होतो, आणि तू मला फाटकापर्यंत जाऊ दिलेस?  तूही तेच लिहिले होतेस, पण तुझ्याकडून ते मला ऐकू आले नव्हते. मी फक्त म्हटले की तुम्ही माझ्या मुलीला आगगाडीपर्यंत जाऊ दिलेत.  सूप गार झाले ते गारच खाल्ले.

आठवडाभर घरात चमच्याचा आवाज तेवढा. डबा टेबलावर तसाच. जाता येता ते एक साल उचलत, मोडत, हुंगत, परत ठेवत. जावयावर राग असेल, पण सालीवर राग धरायला या माणसाला जमले नाही. शनिवारी रात्री हंडा राखेने घासण्याचा आवाज आला. मी उठून गेले नाही. चादरी त्रेसकडे नेऊन उकळल्या. तिने कारण विचारले नाही, म्हणजे खिडकी उघडीच होती.

या वेळी नीट आंबू दिली. घाई केली नाही. गेल्या रविवारी मिसानंतर एक बाटली वर आणली, लोळवली, पण ओतली नाही. कपाटातून भट्टीचे जाड पेले काढले, पाण्याने विसळले आणि फळीवर उपडे घातले. चार. मी बटाटे सोलत होते, हात थांबला, पण मान वर केली नाही. माझ्या पाठीशी उभे राहून विचारले की तो गढूळ पितो की निवळ? काही लोकांना गाळ सोसत नाही, त्यांच्यासाठी बाटली लोळवायची नसते, आधी माहीत असलेले बरे.

मी म्हटले, तो कोण?

त्यांनी एक पेला उचलून पुन्हा पुसला. मग चिडून म्हणाले की नेव्हिओ, आणखी कोण. गोदलीवचे मला ठाऊक आहे, ती लहानपणापासून पेल्याच्या तळचा गाळ बोटाने चाटते. जत्रेच्या रविवारी इथेच बसायचे आहे ना दोघांना, की तुझ्या माऊलीला मी अर्ज लिहून देऊ?

असे बोलले, गोदलीव. गोड नाही बोलले. पण दोन्ही नावे घेतली, आपल्या तोंडाने, टेबलापाशी. पाद्रीबाबांना विचारले, ते म्हणाले नवस फिटला. ती बाटली परत तळघरात गेली आहे. मला त्याच दिवशी प्यायला हरकत नव्हती, पण तीन वर्षे थांबले, तुमच्याबरोबरच पिईन. राग माझा अजून पुरता गेलेला नाही, त्यांचाही नाही. फाटकाची नोकरी सोडा म्हटले तर विचार करीन म्हणतात. तुझा राग तूही घेऊन ये, जागा आहे.

जत्रा सोळा ऑगस्टला. तिकिटाचे पैसे सोबत ठेवले आहेत, हिवाळी कोट पुढच्या वर्षी. कोणत्या गाडीने येणार, आणि नेव्हिओ गढूळ पितो की निवळ, हे उलट टपाली कळव. ते रोज पोस्टमन दिसला की अंगणात जातात आणि कुंपण दुरुस्त केल्यासारखे करतात.

तुझी आई,
लिओनी